यकृताची काळजी आतड्यापासून

सोनोग्राफी केलेली असते मुतखड्याच्या शंकेने, आणि रिपोर्टच्या शेवटी ओळ येते: ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’. मग कुणी ‘हल्ली सगळ्यांनाच असतं’ म्हणून फाईल कपाटात टाकतं, कुणी मेडिकलमधून लिव्हर टॉनिकची बाटली आणतं, कुणी सकाळी उपाशीपोटी दुधीचा रस सुरू करतं. हे तिन्ही मार्ग मला चुकीचे वाटतात. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी जवळपास तीन चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून, म्हणजे मुख्यतः आतड्यांकडून येतं. आपण खातो ते अन्न आणि आतड्यातल्या जिवाणूंनी त्याचं केलेलं जे काही असेल ते, बहुतेक सगळं आधी यकृताकडे पोचतं. उलट दिशेने यकृत रोज पित्तरस आतड्यात सोडतं, आणि तिथे कोणते जिवाणू टिकणार हे बरंचसं त्या पित्तरसावर ठरतं. ही ये-जा नीट समजली, तर काय खायचं, वजन किती वेगाने उतरवायचं, कोणती तपासणी करून घ्यायची, हे स्वतःचं स्वतःला ठरवता येतं.

पित्तरसाची फेरी

छातीत जळजळ, आंबट ढेकर याला आपण पित्त म्हणतो, पण ते जठरातलं आम्ल. इथे विषय आहे तो यकृतात तयार होणाऱ्या हिरवट पिवळ्या पित्तरसाचा. प्रौढ माणसाचं यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्तरस बनवतं. दोन जेवणांच्या मधल्या वेळात तो पित्ताशयात साठतो आणि दाट होतो. पित्ताशय छोटं असतं, ३० ते ५० मिलिलिटर मावेल एवढंच. जेवणातलं तेल-तूप लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचलं की एक संप्रेरक सुटतं, पित्ताशय आकसतं आणि पित्तरस आतड्यात उतरतो. त्यातली पित्ताम्लं तेलाचे अगदी बारीक थेंब करतात. हे झालं नाही तर स्निग्ध पदार्थ पचत नाहीत आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं अंगी लागत नाहीत.

पित्ताम्लं यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवतं. शरीरात एका वेळी ती असतात जेमतेम दोन-चार ग्रॅम. एवढ्याने भागतं, कारण लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला सुमारे ९५ टक्के पित्ताम्लं परत शोषली जातात, पोर्टल शिरेने यकृतात येतात आणि पुन्हा पित्तरसात मिसळतात. अशा सहा ते दहा फेऱ्या दिवसभरात होतात. जी निसटतात, साधारण अर्धा ग्रॅम, ती मोठ्या आतड्यात जाऊन शौचावाटे पडतात. तेवढीच नवी बनवायला यकृताला कोलेस्टेरॉल खर्चावं लागतं. हा अर्धा ग्रॅम लक्षात असू द्या, इसबगोलाचा विषय निघेल तेव्हा लागेल.

मोठ्या आतड्यात उतरलेल्या पित्ताम्लांवर जिवाणू काम करतात. यकृताने त्यांना ग्लायसिन किंवा टॉरिन हे अमिनो आम्ल जोडून पाठवलेलं असतं. ती जोडणी तोडणं पुष्कळ जिवाणूंना येतं. पुढची पायरी, म्हणजे कोलिक आम्लाचं डीऑक्सिकोलिक आम्ल करणं, मात्र क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्ससारख्या मोजक्याच जातींना जमतं. शरीरातल्या काही पित्ताम्लांचे कारागीर असे आपण नसून आपले जिवाणू आहेत.

पित्ताम्लांचं काम चरबी पचवण्यावर संपत नाही. ती शरीरात निरोप्याचंही काम करतात हे १९९९ नंतर उलगडत गेलं. त्या वर्षी पित्ताम्लं ओळखणारा पेशींमधला एफएक्सआर हा ग्राहक सापडला, आणि २००२ मध्ये टीजीआर५ हा दुसरा. पित्ताम्लं परत शोषून घेताना आतड्याच्या पेशी एफजीएफ१९ नावाचं संप्रेरक सोडतात. ते यकृताला सांगतं की पुरे, आता नवी पित्ताम्लं नकोत. यकृतात साखर आणि चरबी किती तयार व्हावी यावरही त्या निरोपाचा लगाम असतो. टीजीआर५ च्या वाटेने आतड्यातल्या पेशींना जीएलपी-१ हे संप्रेरक सोडायचा इशारा मिळतो. याच जीएलपी-१ ची नक्कल करणारी इंजेक्शनं आज मधुमेहासाठी आणि वजनासाठी दिली जातात.

फॅटी लिव्हर असलेल्या माणसांत हे सगळं थोडं बिघडलेलं आढळतं. रक्तातली पित्ताम्लं वाढलेली असतात, त्यांचं आपापसातलं प्रमाण बदललेलं असतं, आतड्याचं अस्तर सैल होऊन जिवाणूंचे अंश यकृतापर्यंत जातात. आधी काय बिघडलं, हा गुंता उंदरांच्या प्रयोगांत बराच सुटला, माणसांत तेवढा सुटलेला नाही. ओबेटिकोलिक ॲसिड या औषधाची हकिकत यासाठी माहीत हवी. एफएक्सआरला चाळवणारं हे औषध फॅटी लिव्हरवर चालेल अशी मोठी आशा होती. यकृतातलं व्रणीकरण काही रुग्णांत कमी झालंही, पण अनेकांना असह्य खाज सुटली, वाईट कोलेस्टेरॉल वाढलं, आणि अमेरिकेच्या एफडीएने २०२० आणि २०२३ अशी दोनदा या कामासाठी परवानगी नाकारली. इतक्या नेमक्या औषधाची ही गत, तर ‘आतड्यातले जिवाणू दुरुस्त करून यकृत साफ करतो’ म्हणणाऱ्या पुडीवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

याच ओघात अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडबद्दल. हेही एक पित्ताम्लच. प्रायमरी बिलियरी कोलांजायटिस या आजारात ते खरोखर उपयोगी आहे, काही प्रकारचे खडे विरघळवायलाही देतात. फॅटी लिव्हरवर मात्र त्याचा ठोस फायदा चाचण्यांत दिसलेला नाही, तरी आपल्याकडे ते सर्रास लिहून दिलं जातं. तुमच्या चिठ्ठीवर असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, कशासाठी आणि किती दिवस. हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

बारीक माणसाचं यकृत

‘मी तर लठ्ठ नाही’ हे वाक्य आपल्याकडे फसवं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. हातपाय काडीसारखे आणि चरबी पोटात, ही आपली ठेवण. ती चरबी स्वादुपिंड आणि यकृताच्या वाट्याला येते. मुंबईतल्या रेल्वे वसाहतींमध्ये झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साधारण सहा जणांमागे एकाला फॅटी लिव्हर निघालं होतं. पुढे २०२२ मध्ये भारतातल्या अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब केला, तेव्हा प्रौढांमधलं प्रमाण ३८ टक्क्यांवर गेलेलं दिसलं.

म्हणून वजनकाट्याआधी शिंप्याची टेप घ्या. श्वास सोडून, पोट आत न ओढता, शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध मोजा. पुरुषांत ९० सेंटीमीटर, बायकांत ८० सेंटीमीटर ही आपल्यासाठीची मर्यादा. बीएमआय २३ च्या पुढे गेला की आपल्याकडे तो जास्त धरतात. पँटचा नंबर सांगू नका, पँट पोटाच्या खाली बांधलेली असते.

ताटातून सुरुवात

जिवाणूंना काय मिळतं हे ठरतं चोथ्यावर, आपण हल्ली ज्याला फायबर म्हणतो त्यावर. चोथा आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यात जातो आणि जिवाणू त्यापासून ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात. ती आतड्याच्या अस्तराचं अन्न आहेत. चोथा नसेल, तेल आणि मांस भरपूर असेल, तर आतड्यात वेगळ्याच जिवाणूंचं फावतं. २०१५ साली याचा एक ठळक प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या पिट्सबर्गचे २० आफ्रिकन-अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यांतले २० लोक यांनी दोन आठवड्यांसाठी जेवण बदलून घेतलं. अमेरिकनांनी खेड्यातलं चोथ्याचं, कमी चरबीचं जेवण घेतलं आणि खेडुतांनी बर्गर-सॉसेजचं. दोन आठवड्यांत अमेरिकनांच्या आतड्यात ब्युटिरेट वाढलं आणि जिवाणूंनी बनवलेली दुय्यम पित्ताम्लं घटली. खेडुतांत नेमकं उलटं झालं. दुय्यम पित्ताम्लं फार वाढणं मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या दृष्टीने वाईट मानलं जातं. चौदा दिवसांच्या जेवणाने एवढा फरक पडतो, हे मला फार आश्वासक वाटतं.

आता आपल्या स्वयंपाकघरातला हिशेब. दिवसाला सुमारे ३० ग्रॅम फायबर हवं. १०० ग्रॅम ज्वारीत ते १० ग्रॅम असतं, बाजरी आणि नाचणीत ११ च्या आसपास, आणि पांढऱ्या तांदळात फक्त २.८. एका भाकरीला ५० ग्रॅम पीठ धरा. दोन ज्वारीच्या भाकरींचे १० ग्रॅम झाले. मटकीच्या उसळीची वाटी, म्हणजे कोरडी मटकी ३० ग्रॅम, तिचे साडेचार. वाटीभर तुरीच्या वरणाचे दोन. शंभर ग्रॅम गवार किंवा शेवग्याच्या शेंगांची भाजी, पाच. एक मध्यम पेरू, आठ. बेरीज झाली तीसच्या घरात, आणि यात बाजारातून आणलेली एकही ‘हेल्थ’ पावडर नाही. याउलट सकाळी पोहे, दुपारी भात-वरण, संध्याकाळी बिस्किटं आणि रात्री मैद्याचा पाव अशा दिवसाची बेरीज करून बघा. दहा-बाराच्या पुढे जाणं कठीण.

भाकरीची सवय सुटलेल्या घरात एकदम तीसवर उडी मारू नका, पोट फुगेल आणि चार दिवसांत सगळं सोडून द्याल. एका जेवणात एक भाकरी, मग आठवड्याने उसळ, मग फळ, अशा टप्प्यांनी जा. पाणी बरोबर वाढवा. डाळी-कडधान्यं आलटून पालटून करा, कारण वेगवेगळ्या जिवाणूंना वेगवेगळा चोथा लागतो. कुळथाचं पिठलं, चवळी, हिरवे मूग, जवसाची चटणी, हे सगळं आपल्याकडे आहेच. भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला गटाचे जिवाणू भरपूर असतात हे पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या अभ्यासातही दिसलं आहे. धान्य-कडधान्यांच्या जेवणाशी या जिवाणूंची सांगड आहे.

इसबगोल. एक मोठा चमचा, साधारण पाच ग्रॅम. पाण्यात टाकलं की पाच मिनिटांत ते फुगून बुळबुळीत होतं. आतड्यातही ते असंच होतं आणि त्या गिजगिज्या लगद्यात पित्ताम्लं अडकतात. परत शोषली जाण्याऐवजी ती शौचातून जातात, तो मघाचा अर्धा ग्रॅम थोडा वाढतो आणि भरपाईसाठी यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. रोज दहा ग्रॅमच्या आसपास इसबगोल नेमाने घेतलं तर वाईट कोलेस्टेरॉल पाच ते दहा टक्के उतरतं. ओट्समधलं बीटा-ग्लुकन हेही साधारण याच तत्त्वावर चालतं. कोलेस्टेरॉलसाठीची स्टॅटिनची गोळी त्यामुळे बंद करायची नाही, पण जोड म्हणून ते स्वस्त आणि चांगलं आहे. भरपूर पाण्याबरोबरच घ्या, कोरडं तोंडात टाकू नका, घशात अडकू शकतं. थायरॉइडची किंवा दुसरी कोणतीही गोळी आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

शिळ्या भाताबद्दल बरेच जण विचारतात. भात शिजवून थंड केला की त्यातला थोडा स्टार्च न पचणारा होतो आणि जिवाणूंच्या कामी येतो, हे खरं. चीनमधल्या एका चाचणीत फॅटी लिव्हरच्या रुग्णांना रोज ४० ग्रॅम असा स्टार्च चार महिने दिला, तेव्हा यकृतातली चरबी कमी झाली होती. पण ४० ग्रॅम हा पावडरीचा डोस आहे. फोडणीच्या भाताने तेवढं साधत नाही, त्यासाठी जादा भात लावू नका. उरला असेल तर लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी खा.

साखर आणि दारू यांवर लिहायला फारसं उरलेलं नाही, तरी एक हिशेब. चहात दोन चमचे साखर आणि दिवसात चार चहा, म्हणजे ३२ ग्रॅम साखर नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटना २५ ग्रॅमच्या आत राहायला सुचवते, आणि त्यात सरबत, बिस्किट, जॅम सगळं आलं. फळांचा रस हीही साखरच धरा, फळ चावून खा. दारू फॅटी लिव्हर असताना शून्य. ‘कधीतरी दोन पेग’ हा प्रकार वाढलेलं वजन आणि मधुमेहाच्या जोडीला आला की यकृताचं नुकसान वाढतच जातं. कॉफी मात्र चालेल. बिनसाखरेची दोन-तीन कप कॉफी पिणाऱ्यांत यकृताचं व्रणीकरण कमी दिसतं. झोप उडत असेल तर तिच्या मागे लागायचं कारण नाही.

तेल पूर्ण बंद करू नका. जेवणात चरबीच नसेल तर पित्ताशय नीट आकसत नाही, पित्तरस साचून राहतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचवलेल्या ताटात दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. चौघांच्या घरात महिन्याला सव्वातीन किलो झालं. या महिन्यात किती पिशव्या कापल्या ते मोजा, उत्तर मिळेल.

दही-ताकाला माझा पूर्ण पाठिंबा, पण जेवण म्हणून. प्रोबायोटिकच्या कॅप्सूलने फॅटी लिव्हर बरं होतं असं म्हणण्याइतका पुरावा आज नाही. मल तपासून ‘तुमच्या जिवाणूंचा नकाशा’ देणाऱ्या महागड्या चाचण्यांच्या आधारे यकृतावर उपचार ठरत नाहीत. ते पैसे भाजीवर खर्च करा.

वजन उतरवताना

औषध म्हणून वजन कमी करणं सगळ्यात भरवशाचं. पाच टक्के उतरलं तर यकृतातली चरबी घटते, सात ते दहा टक्क्यांत सूज कमी होते, दहाच्या पुढे व्रणही मागे हटू लागतो. ७२ किलोच्या माणसाला हे अनुक्रमे साडेतीन, पाच आणि सव्वासात किलो. मुळात बारीक असणाऱ्यांना तीन ते पाच टक्केही पुरतात. चालण्याने वजन हललं नाही तरी यकृतातली चरबी कमी होते, तेव्हा काटा बघून चालणं सोडू नका.

वेग मात्र आवरा. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वजन उतरू लागलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. चरबी झपाट्याने वितळताना पित्तरसात कोलेस्टेरॉल जास्त येतं, आणि खाणं कमी असल्याने पित्ताशय नीट रिकामं होत नाही. लग्नाआधी महिनाभर फक्त ज्यूसवर राहणारे, सलग अनेक दिवस पाण्यावर उपास करणारे, आणि ज्यांच्या घरात आधीच खड्यांचा इतिहास आहे अशा बायका यांनी हे गांभीर्याने घ्यावं. आठवड्याला अर्धा ते एक किलो पुष्कळ झालं. बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतर वजन फार वेगाने उतरतं, तेव्हा खडे टाळायला काही महिने अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड देतात. तिथे त्या गोळीला खरं काम आहे.

खडे ‘पाडण्याचा’ एक उपाय व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतोय: दिवसभर सफरचंदाचा रस, रात्री ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस, सकाळी शौचातून हिरवे खडे पडलेले दिसतात. न्यूझीलंडमधल्या डॉक्टरांनी असे ‘खडे’ प्रयोगशाळेत तपासले आणि २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. ४० अंशांवर दहा मिनिटं ठेवल्यावर ते वितळून हिरवं तेलकट पाणी झालं. पित्ताशयातला खडा असा वितळत नाही. ते आतड्यातच तयार झालेले साबणाचे गोळे होते. एवढं तेल एकदम पोटात गेल्यावर पित्ताशय जोरात आकसतं आणि खरा खडा असेल तर नळीत अडकू शकतो. तसं झालं की कावीळ आणि स्वादुपिंडाची सूज.

पित्ताशय काढल्यानंतर काहींना जेवण झालं की लगेच पातळ शौचाला पळावं लागतं. पित्ताम्लं मोठ्या आतड्यात जास्त उतरतात आणि तिथे पाणी ओढून घेतात, हे त्यामागचं कारण. लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला क्षयरोग किंवा क्रोन्स आजार झालेला असेल, तो भाग कापला असेल, तरी हेच होतं. अनेकांना वर्षानुवर्षं ‘आयबीएस आहे, टेन्शन घेऊ नका’ सांगितलं जातं. पोटविकारतज्ज्ञांना पित्ताम्लांच्या जुलाबाबद्दल स्पष्ट विचारा. कोलेस्टायरामीनच्या पुडीने आराम पडला तर निदानालाही मदत होते. ती पुडी इतर औषधांनाही बांधून टाकते, म्हणून बाकीच्या गोळ्या तिच्या एक तास आधी किंवा चार ते सहा तास नंतर. लहान आतड्याच्या त्याच टोकाला जीवनसत्त्व बी१२ शोषलं जातं, तेही तपासून घ्या.

प्रतिजैविकं आणि ‘नैसर्गिक’ औषधं

सर्दी-खोकल्याला मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या मागून आणणं थांबवा. क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्ससारखे जिवाणू अशा औषधांनी मरतात, दुय्यम पित्ताम्लं बनायची थांबतात आणि क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाचा जुलाबाचा जिवाणू मोकळा सुटतो. त्याचे बीजाणू मूळ पित्ताम्लांनी रुजतात आणि दुय्यम पित्ताम्लांनी त्याची वाढ रोखली जाते. सिंडेन्स हा त्याला आवर घालणाऱ्यांपैकी एक असल्याचं २०१५ साली ‘नेचर’मधल्या संशोधनाने दाखवलं. डॉक्टरांनी गरज म्हणून दिलेलं प्रतिजैविक अर्थातच घ्या, पूर्ण घ्या. नंतर आठवड्याभरात दिवसातून तीनपेक्षा जास्त पातळ शौच आणि ताप असेल तर घरीच थांबवायची गोळी घेऊ नका, दाखवा.

प्रतिकारशक्तीसाठी म्हणून घेतलेलं औषधच यकृताला भोवलं, अशी प्रकरणं मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. कोविडकाळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला सूज आली होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाशी असहमती दाखवली होती. माझं मत विचाराल तर आधीच फॅटी लिव्हर, थायरॉइड किंवा मधुमेह असताना रोज काढा घेणं टाळावं. जेवणातली हळद वेगळी, हळदीच्या अर्काच्या तीव्र गोळ्या वेगळ्या. ग्रीन टीचा कप वेगळा, वजनासाठीची ग्रीन टी अर्काची कॅप्सूल वेगळी. या दोन्ही अर्कांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. दुधीचा रस कडू लागला तर त्याच क्षणी थुंका, कडू दुधीचा रस जीवघेणा ठरलेला आहे.

तपासणी कोणती

सोनोग्राफीची ‘ग्रेड’ चरबी किती दिसते ते सांगते, व्रण किती झाला ते सांगत नाही, आणि पुढचं भवितव्य व्रणावर असतं. रक्ततपासणीत एसजीपीटी हे यकृताचं एन्झाइम नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त होणंही बरोबर नाही. घरबसल्या करता येईल असा एक हिशेब आहे, फिब-४ नावाचा. वय गुणिले एसजीओटी, या गुणाकाराला प्लेटलेट आणि एसजीपीटीचं वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागायचं. प्लेटलेट हजारांत घ्यायच्या, रिपोर्टवर २.१ लाख असेल तर २१०. समजा वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट २१०. वर ५२ गुणिले ४८ म्हणजे २४९६. खाली ६४ चं वर्गमूळ ८, गुणिले २१०, म्हणजे १६८०. उत्तर १.४९. १.३ च्या खाली असेल तर व्रणाची शक्यता कमी. २.६७ च्या वर असेल तर यकृततज्ज्ञ गाठा. मधल्या पट्टीत, जसं या उदाहरणात, यकृताचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन करून घ्यायचा. तो ८ किलोपास्कलच्या खाली आला की बहुधा काळजी नाही. पासष्टीनंतर १.३ ऐवजी २ ही खालची मर्यादा धरतात आणि पस्तिशीच्या आत हा हिशेब विश्वासार्ह नाही.

सोबत एचबीए१सी, लिपिड, रक्तदाब आणि एकदा हिपॅटायटिस बी आणि सी तपासा. रिपोर्टवर ‘एमएएसएलडी’ असं लिहिलेलं असेल तर घाबरू नका, २०२३ पासून फॅटी लिव्हरच्या याच आजाराचं ते नवं नाव आहे. रेस्मेटिरॉम आणि सेमाग्लूटाइड या औषधांना अमेरिकेत २०२४ आणि २०२५ मध्ये परवानगी मिळाली ती मध्यम ते पुढच्या टप्प्यातल्या व्रणासाठी, ग्रेड १ च्या ओळीसाठी नव्हे.

काही लक्षणं मात्र थांबू देत नाहीत. डोळे पिवळे, लघवी गडद चहासारखी आणि शौच मातकट पांढरं झालं, की पित्तरस आतड्यात पोचत नाही असं समजा आणि त्याच दिवशी दवाखाना. त्यासोबत थंडी वाजून ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखत असेल तर रात्र असली तरी थेट रुग्णालय.

आणि गरोदर बायकांनी, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, अंगावर पुरळ नसताना तळहात-तळपायांना रात्री खाज सुटली तर ‘पोट ताणतंय म्हणून होतं’ हे घरातल्यांचं सांगणं ऐकून बसू नये. पित्ताम्लं रक्तात वाढल्याचं ते लक्षण असू शकतं. ‘सिरम बाईल ॲसिड’ ही रक्ततपासणी नाव घेऊन मागा. आकडा १०० मायक्रोमोलच्या वर गेला तर बाळ पोटात दगावण्याचा धोका वाढतो आणि प्रसूती आधी करायची का, हे डॉक्टर त्यावर ठरवतात. पहिला रिपोर्ट नॉर्मल आला आणि खाज चालूच राहिली, तर आठवड्याने पुन्हा तपासा. कधीकधी खाज आधी सुटते आणि आकडा मागून वाढतो.